आश्रय कोणाकडे सोपवावा? : शिक्षकाच्या राजीनाम्याविषयी

शिक्षकाने आपले पद कोणत्या रीतीने सोडावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः सेवानियमांच्या पुस्तकात शोधले जाते आणि तेथे ते काही अंशी मिळतेही. परंतु नोटिशीची मुदत, प्रभाराची यादी आणि कार्यमुक्तीचा आदेश एवढ्याने तो प्रश्न मिटत नाही, कारण अन्य कामांत जे अर्धवट राहते ते वस्तूत किंवा कागदात राहते, तर शिकवण्याच्या कामात ते एका वाढत्या मुलाच्या मनात राहते. म्हणून ज्याने शिकवणे स्वीकारले त्याला ते सोडण्याचा अधिकार आहे काय, असल्यास कोणत्या अटींवर, आणि सलोख्याने वेगळे होणे म्हणजे नेमके काय, हे प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतात. भारतीय परंपरेने शिष्याच्या जाण्याचा विचार विस्ताराने केलेला आहे. अध्ययन संपवून घरी परतण्यासाठी समावर्तन हा स्वतंत्र संस्कार आहे आणि निघणाऱ्या शिष्याला आचार्याने करावयाचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आलेला आहे. आचार्यालाच निघावयाचे झाले तर काय, याविषयीचा विचार मात्र एका ठिकाणी सापडत नाही. तो निरनिराळ्या ग्रंथांतून आणि माणसांच्या चरित्रांतून गोळा करावा लागतो.

तो गोळा करण्यास मावळाइतकी योग्य भूमी क्वचितच मिळेल. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस घाटमाथ्याला लागून असलेल्या या प्रदेशात कार्ले, भाजे आणि बेडसे ही बौद्ध लेणी आहेत, आणि त्यांपैकी भाज्याच्या कामाचा आरंभ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला असे मानले जाते. चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचे दालन, पाहून बहुतेक प्रवासी परततात. पण त्याच्या आसपासच्या विहारांतील लहान खोल्या या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत, कारण नव्याने दीक्षा घेतलेला भिक्षू आणि त्याला घडवणारा वडीलधारा भिक्षू यांचे सहजीवन अशाच खोल्यांतून चालत असे. कार्ल्याच्या एका शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक, म्हणजे आजचे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिल्याची नोंद आहे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात सातवाहन राजाने मामालच्या अमात्याला, म्हणजे त्या विभागावरील अधिकाऱ्याला, आज्ञा करून तेच गाव भिक्षूंकडे राहील अशी व्यवस्था केली आहे. यातील मामाल म्हणजे मावळ. सत्ता बदलली, दाता गेला, देणाऱ्यांच्या घराण्यांत वैर होते, तरीही दान ज्यांच्यासाठी होते त्यांचा आधार तुटू दिला गेला नाही. ही गोष्ट राजकारणाच्या इतिहासात लहान असेल. पद सोडण्याच्या विचारात ती फार मोठी आहे.

पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या शिस्तीचे नियम सांगणाऱ्या ग्रंथसमूहात, गुरु-शिष्यांच्या या सहजीवनाला निस्सय असे नाव आहे. निस्सय म्हणजे आश्रय: नवा भिक्षू उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहतो, आणि तो समर्थ असेल तर हा आश्रय किमान 5 वर्षे घ्यावा लागतो, असमर्थ असेल तर आयुष्यभर. महावग्गात हा आश्रय कोणत्या कारणांनी संपतो हे स्पष्ट सांगितले आहे: उपाध्याय निघून गेला, त्याने संघ सोडला, तो मरण पावला, तो दुसऱ्या पक्षात गेला, किंवा त्याने शिष्याला जाण्यास सांगितले. या यादीत गुरूचे निघून जाणे हे पाप म्हणून आलेले नाही. ते मृत्यूच्या शेजारी, जीवनात घडणाऱ्या एका गोष्टीसारखे आले आहे. विनयाचे लक्ष गुरूच्या दोषाकडे नाही, शिष्याच्या स्थितीकडे आहे. आश्रय संपताच शिष्य निराश्रित होतो, आणि निराश्रित राहणे त्याला वर्ज्य असल्यामुळे त्याने दुसरा आचार्य शोधावयाचा असतो. एका शिलालेखावरून कार्ल्याची लेणी महासांघिक संप्रदायाकडे होती असे दिसते आणि त्या संप्रदायाचा विनय स्वतंत्र होता. तरी नव्या भिक्षूला आश्रयाशिवाय ठेवू नये हे तत्त्व संघाच्या सर्व शाखांत समान होते.

याच विनयात, चुल्लवग्गात, निघणाऱ्या भिक्षूचे कर्तव्य सांगणारा गमिकवत्त नावाचा भाग आहे, आणि त्याची बारीक नजर पाहून आजच्या वाचकालाही थांबावेसे वाटते. निघणाऱ्याने लाकडाची आणि मातीची भांडी आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, आणि निवासस्थान कोणाच्या तरी हवाली करून मगच निघावे. हवाली करण्यास भिक्षू नसेल तर श्रामणेराला, म्हणजे अद्याप पूर्ण दीक्षा न झालेल्या मुलाला, सांगावे. तोही नसेल तर विहाराच्या सेवकाला. आणि कोणीच नसेल तर चार दगडांवर खाट ठेवून, खाटेवर खाट आणि आसनावर आसन रचून, वर अंथरूण-पांघरूण ठेवावे, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. छप्पर गळत असेल आणि शक्ती असेल तर ते शाकारून जावे, नाही तर ते शाकारले जाईल असा प्रयत्न करावा. ज्याने सर्वसंगपरित्याग केला त्यालाही खाटेचे पाय ओलीत राहू न देण्याची काळजी घ्यावयाची आहे. वैराग्य आणि बेफिकिरी यांत अंतर आहे, आणि ते अंतर निघण्याच्या दिवशी उघड होते, एवढे या नियमातून निश्चित निघते.

गुरूने न सांगता निघून जाण्याचे परिणाम छांदोग्य उपनिषदाने एका कथेतून दाखवले आहेत. उपकोसल कामलायन हा सत्यकाम जाबालाकडे 12 वर्षे अग्नींची सेवा करीत राहिला; इतर शिष्यांना गुरूने समावर्तन करून घरी पाठवले, उपकोसलाला मात्र पाठवले नाही आणि ब्रह्मविद्याही सांगितली नाही. पत्नीने सुचवूनही सत्यकाम काही न बोलता प्रवासाला गेला. उपकोसलाने अन्न टाकले. तेव्हा ज्या अग्नींची त्याने सेवा केली होती त्यांनीच त्याला विद्या सांगितली. परंतु पुढची गती आचार्य सांगतील असे म्हणून एक भाग त्यांनी राखून ठेवला, आणि सत्यकाम परतल्यावर त्याने तो पूर्ण केला. या कथेत उपनिषद गुरूला दोष देत नाही. पण आश्रमात अन्न टाकून बसलेला शिष्य ते वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करते, आणि गुरूवाचून कोणीही सांगू शकत नाही असा एक भाग त्याच्यासाठी शिल्लक ठेवते. बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य याच्या उलट वागतो. तो गृहस्थाश्रम सोडून निघतो तेव्हा मैत्रेयीला आधी तसे सांगतो, तिची आणि कात्यायनीची वाटणी करून देण्याची गोष्ट काढतो, आणि मैत्रेयीने प्रश्न विचारताच, जाणे पुढे ढकलल्यासारखा, तिला आत्मविद्या सांगत बसतो. सांगणे, देणी फेडणे आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणे हा त्याच्या निघण्याचा क्रम आहे. उपनिषदांतील सर्वांत गहन संवादांपैकी एक निरोपाच्या प्रसंगी घडला, ही गोष्ट शिक्षकांनी विसरू नये अशी आहे.

येथवर जाण्याची रीत पाहिली. जाण्याच्या अधिकाराचा प्रश्न भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे नेतो. तेथे त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नियत कर्म, म्हणजे ज्याच्या वाट्याला जे कर्तव्य आले आहे ते, मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. शरीराला क्लेश होतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य करीत राहून त्यातील आसक्ती आणि फळाची आशा टाकणे हा सात्त्विक त्याग. या वर्गवारीचा सरळ अर्थ घेतला तर राजीनामा हा नेहमीच पहिल्या दोहोंपैकी एक ठरेल, आणि कित्येक प्रवचनांत तो तसा ठरवला जातोही. परंतु हा अर्थ घाईचा आहे. नियत कर्म हे पदाला चिकटलेले नसते. ते माणसाच्या जबाबदाऱ्यांच्या एकूण जुळणीतून ठरते, आणि शिक्षक हा त्याच वेळी कोणाचा मुलगा, कोणाची आई, कोणा आजाऱ्याचा एकमेव आधार असतो. त्रास होतो म्हणून वर्ष मध्येच टाकणारा आणि घरच्या कर्तव्यासाठी वर्ष पुरे करून निघणारा, या दोघांना एकाच पंक्तीत बसवणे गीतेला अभिप्रेत नाही. तिसऱ्या अध्यायातील एक सूचना येथे अधिक उपयोगाची आहे: ज्ञानी पुरुषाने कर्मात गुंतलेल्या लोकांचा बुद्धिभेद करू नये, म्हणजे त्यांची श्रद्धा डळमळेल असे वागू नये. जाणाऱ्या शिक्षकाच्या हातून हा दोष फार सहज घडतो. शेवटच्या आठवड्यात वर्गापुढे संस्थेचे वाभाडे काढणाऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे असले तरी, ज्या मुलांना त्याच शाळेत, त्याच बाकांवर आणखी चार वर्षे काढावयाची आहेत त्यांच्या हाती तो काय देतो? तक्रार व्यवस्थापनाकडे लेखी करावी, शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी, गरज पडल्यास न्यायाधिकरणात करावी. वर्ग हे तिचे स्थान नव्हे.

महाराष्ट्राच्या कायद्यातही या विचाराची छाया दिसते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या 1977 च्या अधिनियमानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहावा लागतो, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी लागते, आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवून दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची असते. दडपणाखाली किंवा आधीच सह्या घेऊन ठेवलेल्या राजीनाम्यांपासून शिक्षकाचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू आहे. त्याखालील 1981 च्या नियमावलीने कायम शिक्षकाला 3 आणि अस्थायी शिक्षकाला 1 महिन्याची नोटीस घातली आहे, आणि त्यापुढे जाऊन असे म्हटले आहे की सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याने सुट्टीत किंवा सुट्टीचा भाग मुदतीत येईल अशी नोटीस देऊ नये, तसेच पहिले सत्र सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आत ती देऊ नये. मावळात पहिल्या सत्राचा पहिला महिना म्हणजे मृगानंतरचा धो धो पाऊस. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत ओढे भरून वाहत असतात आणि वाड्यावस्त्यांवरची मुले शाळेत टिकतील की नाही हे त्याच दिवसांत ठरते. भिक्षूंनाही वर्षावासाच्या काळात निवासस्थान सोडण्याची मनाई होती, तातडीचे काम निघाले तर 7 दिवसांच्या आत परतावे लागे. दोन हजार वर्षांच्या अंतराने केलेले हे दोन नियम एकाच अनुभवातून आलेले असावेत: सोडण्याचा अधिकार मान्य केला, तरी तो केव्हाही बजावण्याचा अधिकार त्यात येत नाही.

सलोखा म्हणजे मतभेदाचा अभाव, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. बाळ गंगाधर टिळक 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले ते तीव्र मतभेदांनंतर, आणि आपली कारणे त्यांनी विस्तृत राजीनामापत्रात मांडली. आजीव सदस्यांनी, म्हणजे अल्प वेतनावर दीर्घ सेवेची प्रतिज्ञा केलेल्या शिक्षकांनी, आपला वेळ आणि मिळकत संस्थेबाहेर वाटावी काय, हा त्यातील मुख्य तत्त्वाचा मुद्दा होता. त्याच संस्थेतून गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये प्रतिज्ञेची मुदत पुरी करून निघाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांना आदराचा निरोप दिला गेला. लोकांच्या स्मरणात पहिले जाणे भांडणाचे आणि दुसरे गोडीचे राहिले आहे. तरी टिळकांच्या पत्राची एक बाजू दुर्लक्षित राहते: त्यात मतभेद लपवलेला नाही, तो संस्थेच्या चालकांपुढे, सहीनिशी, उत्तर देता येईल अशा रूपात ठेवला आहे. गोड निरोपापेक्षा असे पत्र संस्थेच्या अधिक कामाचे असू शकते. शाळेतून निघताना तोंडदेखले 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून बाहेर मात्र वर्षानुवर्षे बोलत राहणे, हा सलोखा नव्हे.

टिळकांचे शिक्षणाशी नाते त्या राजीनाम्याने तुटलेही नाही, आणि याचा पुरावा मावळातच आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक राहिलेले विष्णू गोविंद विजापूरकर यांनी उभारलेले समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे चालले, आणि टिळकांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या विचाराला त्याने प्रत्यक्ष रूप दिले. सरकारने 1910 मध्ये ते बंद पाडले. तेथील शिक्षकांनी पद सोडले नव्हते, पदच त्यांच्याखालून काढून घेतले गेले. नवीन समर्थ विद्यालय या नावाने ती परंपरा तळेगावात पुढे पुन्हा उभी राहिली, ही मावळच्या शैक्षणिक इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे.

पद आणि अध्यापन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लोणावळ्याच्या कैवल्यधामाच्या संस्थापकाच्या चरित्रातून आणखी स्पष्ट होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, हे आधी अमळनेर येथे अध्यापक आणि प्राचार्य होते. तेथील पर्व संपल्यावर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली, योगाभ्यासाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम हाती घेतले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. वर्गातील अध्यापक गेला, पण शिकवणारा गेला नाही. त्याचा वर्ग रुंदावला. शिवाय त्यांनी स्वामी दिगंबरजींसारखा उत्तराधिकारी घडवला, त्यामुळे 1966 मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही साधक निराश्रित झाले नाहीत. अमळनेरलाच प्रताप हायस्कूलमध्ये 1924 पासून शिकवणारे साने गुरुजी 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. छात्रालयातील मुलांशी त्यांचे जे नाते होते ते नोकरीबरोबर संपले असे कोणीही म्हणणार नाही.

जाणाऱ्याने दिलेला शब्द त्याच्या जाण्याने संपतो काय, याचे उत्तर मावळातील लोकस्मृतीने आपल्या पद्धतीने दिले आहे. तुकाराम महाराजांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे यांची समाधी मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याला मूठमाती द्यावी असे त्यांचे ठरले होते, तुकाराम आधी वैकुंठाला गेले, आणि संताजींच्या देहावर कितीही माती लोटली तरी मुख झाकेना, ते तुकारामांनी येऊन मूठमाती दिल्यावरच झाकले गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा मागू नये. परंतु गुरूचे जाणे म्हणजे त्याच्या शब्दातून सुटका नव्हे, अशी या खोऱ्यातील वारकऱ्यांची धारणा तीत जपलेली आहे.

आता प्रत्यक्ष शाळेत या साऱ्याचा अर्थ काय होतो, हे पाहिले पाहिजे. प्रभार देताना कपाटाच्या किल्ल्या, प्रयोगशाळेचे साठापुस्तक, ग्रंथालयाची नोंदवही, गुणपत्रके आणि अपूर्ण अभ्यासक्रमाचे टाचण यांची यादी होते, तिच्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होते. पण मावळातील एखाद्या शाळेत अनेक वर्षे शिकवलेल्या शिक्षकाजवळ आणखी एक ज्ञान असते, ते कोणत्याही रजिस्टरात नसते: कोणत्या कातकरी कुटुंबाचे मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते आणि त्याला परत आणण्यासाठी वाडीतल्या कोणाला भेटावे लागते, कोणत्या मुलीला शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही पण ती तसे सांगत नाही, कोणत्या मुलाचे लग्नसराईत गैरहजर राहणे आळसामुळे नसून मंडपाच्या कामावर जाण्यामुळे असते, कोणाला गणित येते पण वर्गात उठून बोलता येत नाही. हे ज्ञान म्हणजेच त्या मुलांचा निस्सय आहे. नव्या शिक्षकाला एका दुपारी शेजारी बसवून, हजेरीपटावरील एकेका नावावर बोट ठेवून ते सांगितले नाही, तर कागदोपत्री प्रभार पूर्ण होऊनही आश्रय तुटतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्याच्या शिष्याविषयीच्या पाच कर्तव्यांत चांगले शिकवण्याबरोबरच शिष्याची आपल्या मित्रपरिवारात ओळख करून देणे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण होईल असे करणे ही दोन येतात. वर्गाबाहेर आणि आपल्या पश्चातही टिकेल असा आधार उभा करणे, असाच त्यांचा अर्थ घ्यावा लागतो.

हे कर्तव्य शिक्षकावर टाकताना संस्थेचे कर्तव्य विसरणे अन्यायाचे होईल, आणि या विषयावरील उपदेशांत ते नेहमी विसरले जाते. मनुस्मृतीने दोन शिक्षकांत भेद केला आहे: शिष्याचे उपनयन करून त्याला संपूर्ण वेद रहस्यासह शिकवणारा तो आचार्य, आणि उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवणारा तो उपाध्याय, आचार्याचा मान तिने दहापट धरला आहे. मानाची ही उतरंड आज मान्य करण्याचे कारण नाही, पण भेदातील तथ्य टिकून आहे. शिक्षण सेवक म्हणून 3 वर्षे ठरावीक मानधनावर ठेवलेल्या, किंवा तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे घेऊन, वर्षानुवर्षे राबणाऱ्या तरुण शिक्षकाला मोबदला उपाध्यायाहूनही कमी द्यावयाचा आणि तो अधिक पगाराच्या जागेवर निघाला की त्याच्याकडून आचार्याच्या निष्ठेची अपेक्षा करावयाची, हे धर्माला धरून नाही. त्याच्या जाण्याला राजस त्याग म्हणण्याआधी त्याला राहता येईल असे संस्थेने काय केले, हे विचारले पाहिजे. अशा शिक्षकाने नोटिशीची मुदत पाळली, चालू धडा पुरा केला आणि हजेरीपट समोर ठेवून मुले पुढच्याच्या हवाली केली, तर त्याच्याकडे कोणतेही ऋण उरत नाही. उलट संस्थेकडेच उरते, आणि ते अनुभवाचा दाखला वेळेवर देणे, सेवापुस्तिकेतील नोंदी पूर्ण करणे, थकलेले मानधन न अडवणे आणि पुढच्या ठिकाणी विचारणा झाली तर खरे ते बोलणे यांतून फेडावयाचे असते.

राहतो तो मुलांना कोणी आणि केव्हा सांगावे हा प्रश्न. पुष्कळ शाळांत निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी, सूचनाफलकावरून किंवा शिपायाच्या तोंडून, मुलांना ही बातमी कळते, आणि शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात त्यांचे रडणे हे शिक्षकाच्या लोकप्रियतेचे लक्षण मानले जाते. उपकोसलाची कथा ज्याने मनावर घेतली आहे त्याला हे रडणे वेगळे दिसेल. राजीनामा मंजूर होताच वर्गशिक्षकाने स्वतः, आपल्याच तासाला, जाण्याचा दिवस आणि पुढे कोण शिकवणार हे दोन्ही एकदम सांगावे, आणि मुलांना प्रश्न विचारण्यास तो तास पूर्ण द्यावा. नवा शिक्षक ठरला नसेल तर मुख्याध्यापकांना वर्गात बोलावून तोपर्यंत कोणाकडे जावयाचे हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे.